कोपनहेगनचा बाजाररस्ता : एक जुनी वाट आणि एक शनिवार



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर लागला तेव्हा आयोजकांपैकी एकांनी मला हळूच विचारलं, "अहो, बाजाराच्या रस्त्यावर तासभर काय बोलणार?" त्यांचं बरोबर आहे. इतिहासाच्या व्याख्यानाला किल्ला लागतो, तह लागतो, निदान एखादी दुर्मीळ बखर तरी लागते. माझ्याकडे आज यातलं काही नाही. आहे तो फक्त सव्वा किलोमीटरहून थोडा कमी लांबीचा एक रस्ता, डेन्मार्कच्या राजधानीतला. लिहितात 'स्ट्रोगेट' असं, पण त्यातल्या 'ग'चा उच्चार 'य'कडे झुकतो, म्हणून आपण 'स्ट्रॉयेट' म्हणू. कोपनहेगनच्या नगरपालिकेसमोरच्या चौकात तो सुरू होतो आणि 'राजाचा नवा चौक' म्हणून जो चौक आहे, तिथे संपतो. मधे गाड्या नाहीत. दोन्ही बाजूंना दुकानं आणि मधून माणसं.

मी तिथे गेलो तो 'युरोपातला एक ऐतिहासिक पादचारी रस्ता' बघायला. माहितीपुस्तकात तसंच लिहिलं होतं. मनात चित्र असं, की हा रस्ता पूर्वीपासून चालणाऱ्यांचा, आणि शहाण्या लोकांनी तो तसाच जपला. दोन दिवस हिंडलो, वाचलं, आणि लक्षात आलं की चित्र चुकलेलं आहे. रस्ता फार जुना आहे, खरंच. पण 'पादचारी' म्हणून तो वयाने माझ्याहूनही लहान. त्याची जन्मतारीख पक्की माहीत आहे : शनिवार, 17 नोव्हेंबर 1962. आणि हा जन्म काही सुखाचा नव्हता. ज्या माणसाने तो घडवला, त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या.

तर आज दोन गोष्टी सांगायच्या आहेत. रस्ता कसा घडला ती एक, आणि तो शनिवार कसा आला ती दुसरी. पहिली जरा लांब आहे, दुसरी आपल्या कामाची आहे.

एक नाव, अनेक रस्ते

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. 'स्ट्रॉयेट' हे एका रस्त्याचं नाव नाही. लोक ज्या पट्ट्यातून सहज फेरफटका मारतात, तो पट्टा, अशा अर्थाने रूढ झालेला शब्द आहे. प्रत्यक्षात पाट्यांवर वेगवेगळी नावं आहेत. पश्चिमेकडून निघालात की फ्रेडरिक्सबर्गगाडे, मग दोन चौक, मग न्यूगाडे, विमेलस्काफ्टेट, आमायेरटोर्व आणि शेवटी ऑस्टरगाडे. 'गाडे' म्हणजे रस्ता आणि 'टोर्व' म्हणजे बाजारचौक, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

जुन्या तटबंदीच्या शहराला पश्चिमेला एक वेस होती आणि पूर्वेला एक वेस होती. या वेशीतून त्या वेशीकडे जाणारी जी वाट, तोच हा रस्ता. आपल्याकडेही कुठल्याही जुन्या गावात असंच असतं. वेशीतून आत आलं की जी वाट देवळाकडे, चावडीकडे आणि बाजाराकडे नेते, ती गावाची मुख्य वाट. ती कुणी आखत नाही. माणसं आणि बैलगाड्या आखतात. म्हणूनच स्ट्रॉयेट सरळ नाही. तो वळतो, कुठे रुंद होतो, कुठे आक्रसतो. सरासरी रुंदी दहा-अकरा मीटर. आपल्या पेठांमधून वाढलेल्या माणसाला ती अजिबात परकी वाटत नाही.

सुरुवातीचा तुकडा मात्र बराच सरळ आहे, आणि त्याला कारण आहे.

आग, आग आणि तोफा

20 ऑक्टोबर 1728 च्या संध्याकाळी पश्चिम वेशीजवळच्या एका घरात आग लागली. ती विझली 23 तारखेला सकाळी. तोवर शहराचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग गेला होता. जुन्या, मध्ययुगीन भागाचं तर जवळजवळ अर्धं अंग जळालं. विद्यापीठाचं ग्रंथालय गेलं, आणि त्याबरोबर अशी हस्तलिखितं गेली की ज्यांची दुसरी प्रत जगात नव्हती. इतिहासाच्या विद्यार्थ्याला घरं जळाल्यापेक्षा या ओळीचा चटका जास्त बसतो. जळालेल्या भागात नव्याने जे रस्ते आखले, त्यातला एक म्हणजे फ्रेडरिक्सबर्गगाडे. आज प्रवासी स्ट्रॉयेटवर पहिलं पाऊल टाकतो ते या आगीच्या राखेवर.

पुढे दोन चौक लागतात. एकाचं नाव गामेलटोर्व, म्हणजे जुना चौक. दुसऱ्याचं न्यूटोर्व, नवा चौक. हा 'नवा' चौक सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे. पण आपण हसू नये, आपल्याकडेही नवी पेठ आहेच. जुन्या चौकात 1608 सालचा एक कारंजा आहे, चौथ्या ख्रिश्चन राजाच्या काळातला. राजघराण्यातल्या वाढदिवसाला त्याच्या पाण्याच्या धारांवर सोन्याचा मुलामा दिलेली सफरचंदं सोडतात, ती धारेवर नाचत राहतात.

हे दोन्ही चौक आज एकमेकांना सलग लागून आहेत, पण पूर्वी तसे नव्हते. दोन्हींच्या मधोमध शहराची जुनी नगरपालिका उभी होती. ती 1728 च्या आगीत जळाली, पुन्हा बांधली. मग 5 जून 1795 रोजी नौदलाच्या आवारात आग लागली, ती दोन दिवस पसरत राहिली. नऊशेहून अधिक घरं गेली आणि नगरपालिकाही पुन्हा गेली. या खेपेला मात्र शहराने ती तिथे बांधली नाही. जागा मोकळी सोडली. आज तिथे उभं राहून खाली पाहिलं, तर फरसबंदीत त्या नसलेल्या इमारतीचा आकार आखून ठेवलेला दिसतो. लोक त्यावरून आइस्क्रीम खात चालत जातात.

या दुसऱ्या आगीने शहराला एक खूण दिली. ती एकदा कळली की मग प्रत्येक कोपऱ्यावर दिसायला लागते. आग विझवणाऱ्यांना लांब शिड्या घेऊन अरुंद गल्ल्यांमध्ये वळताच येत नव्हतं, कारण घरांचे कोपरे काटकोनात पुढे आलेले. म्हणून नियम झाला, की नवं घर बांधताना रस्त्याकडचा कोपरा तिरपा कापायचा. आज जुन्या कोपनहेगनमध्ये चौकाचौकात घरांचे कोपरे असे छाटलेले दिसतात. बहुतेक ठिकाणी त्या तिरप्या भिंतीत दुकानाचं दार आहे. गिऱ्हाईकाला वाटतं, काय सुंदर रचना! प्रत्यक्षात ती एका फजितीची आठवण आहे.

आणि तिसरा घाव 1807 चा. इथे मला आपल्याकडच्या एका ओळखीच्या माणसाचं नाव घ्यावं लागणार आहे. नेपोलियन डेन्मार्कचं आरमार ताब्यात घेईल या भीतीने इंग्रजांनी कोपनहेगनवर स्वारी केली. डेन्मार्क तेव्हा तटस्थ होता. 29 ऑगस्टला क्योगे या गावाजवळ डेन्मार्कच्या हंगामी सैन्याचा पराभव झाला. शेतकऱ्यांची पोरं ती, कित्येकांच्या पायात लाकडी खडावा. म्हणून त्या लढाईला तिकडे खडावांची लढाई म्हणतात. त्यांना हरवणारा इंग्रज सेनापती कोण? आर्थर वेलस्ली. चारच वर्षांपूर्वी, 23 सप्टेंबर 1803 रोजी, आपल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर उभा राहिलेला तोच वेलस्ली.

मग 2 ते 5 सप्टेंबर 1807, या दिवसांत शहरावर तोफगोळे आणि अग्निबाण पडले. ते अग्निबाण काँग्रीव्ह नावाच्या इंग्रजाने बनवलेले होते, आणि त्याला कल्पना मिळाली होती ती म्हैसूरकरांच्या बाणांवरून. टिपूच्या फौजेने श्रीरंगपट्टणला इंग्रजांवर सोडलेल्या बाणांची पुढची पिढी डेन्मार्कच्या राजधानीवर पडली. स्ट्रॉयेटपासून दोन-तीन मिनिटांवरच्या मोठ्या चर्चचं उंच शिखर त्यात कोसळलं. आज तिथे जे चर्च आहे, ते नंतरचं. त्याला शिखर नाही.

आता हे सगळं का सांगितलं? कारण आपण 'ऐतिहासिक रस्ता' म्हणतो तेव्हा आपल्याला वाटतं, तो जसा होता तसा आहे. हा रस्ता ऐंशी वर्षांत तीनदा उद्ध्वस्त झाला. जी वास्तू जुनी म्हणून आपण डोळे भरून बघतो ती बहुतेक करून एखाद्या संकटानंतरची डागडुजी असते. टिकली ती वाट. भिंती बदलल्या, वाट तीच राहिली.

बाजार

पुढे गेलं की आमायेरटोर्व. शहराला लागूनच आमायेर नावाचं बेट आहे. 1521 च्या सुमारास दुसऱ्या ख्रिश्चन राजाने हॉलंडमधून शेतकरी बोलावून तिथे वसवले. कारण त्यांना भाज्या पिकवण्याची चांगली जाण होती. ती डच मंडळी पिढ्यान्‌पिढ्या भाजी घेऊन या चौकात बसली. बायकांचा पेहराव वेगळा, त्यावरून ओळखू यायच्या. म्हणजे आमायेरटोर्व ही त्या शहराची मंडई. तिथे 1616 सालचं एक घर अजून उभं आहे, या सगळ्या आगींतून वाचलेलं. आत आज चिनी मातीच्या भांड्यांचं मोठं दुकान आहे.

या भांड्यांचीही एक गोष्ट आहे. ती थेट आपल्या लोकांपर्यंत येते. पांढऱ्यावर निळी नक्षी असलेली ही भांडी बनवण्याचा कारखाना कोपनहेगनमध्ये 1775 साली निघाला. त्याआधी असा माल आशियातून यायचा. डेन्मार्कची आशियाई कंपनी चीनहून चहा आणि भांडी आणायची, हिंदुस्थानातून कापड आणायची आणि कोपनहेगनात त्याचे लिलाव व्हायचे. हिंदुस्थानातलं त्यांचं ठाणं म्हणजे तरंगंबाडी. 1620 मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाने ते त्यांना दिलं. पुढे तंजावर व्यंकोजीराजांकडे आलं, आणि डॅनिश लोक दरसाल खंडणी भरू लागले ती भोसल्यांना. या ठाण्यात आलेला श्वार्त्झ नावाचा जर्मन धर्मोपदेशक पुढे सरफोजीराजांचा गुरू झाला. सरस्वती महालाचं नाव आपण ज्या सरफोजीराजांमुळे घेतो, तेच हे. डॅनिशांनी ते ठाणं 1845 मध्ये इंग्रजांना विकून टाकलं. मला त्या दुकानाच्या काचेसमोर उभं राहून एक गंमत वाटली. आपण म्हणतो हा रस्ता कोपनहेगनचा. पण बाजाराच्या रस्त्याचा एक पाय नेहमीच दूर कुठेतरी असतो.

या रस्त्यावर फक्त खरेदी होत होती असंही नाही. सोरेन किर्केगार्ड हा मोठा तत्त्वचिंतक याच न्यूटोर्व चौकातल्या एका घरात 1813 मध्ये जन्मला. ते घर आता नाही. तो रोज या रस्त्यांवरून पायी फिरायचा, भेटेल त्याच्याशी बोलायचा, मग तो प्राध्यापक असो की हमाल. 1846 मध्ये एका विनोदी साप्ताहिकाने त्याची व्यंगचित्रं छापली. त्याची विजार, त्याची चाल, सगळ्याची चेष्टा. त्यानंतर रस्त्यावरची पोरं त्याला हसायला लागली, आणि त्याचं ते मोकळं हिंडणं-बोलणं संपल्यासारखं झालं. माणसाकडून त्याचा रस्ता काढून घेणं म्हणजे काय, हे त्याच्या चरित्रात दिसतं. हे मनात ठेवा, आपण पुन्हा तिथे येणार आहोत.

तो शनिवार

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर तटबंदी पाडायला सुरुवात झाली, शहर बाहेर वाढलं, मोठमोठी दुकानं आली. विसावं शतक आलं आणि त्याबरोबर मोटारी आल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर तर त्या इतक्या वाढल्या की दहा-अकरा मीटरच्या या वाटेत मधून मोटारी आणि दोन्ही कडांच्या अरुंद पदपथांवर माणसं, अशी परिस्थिती झाली. जुने चौक वाहनतळ बनले. चौथ्या ख्रिश्चनच्या कारंज्याभोवती गाड्या उभ्या राहू लागल्या.

नाताळच्या खरेदीच्या गर्दीत रस्ता वाहनांना थोडा वेळ बंद ठेवण्याची पद्धत आधीपासून होती. आपल्याकडे गणपतीत ठेवतात तशी. अल्फ्रेड वासार्ड हे शहराच्या महापौरांपैकी एक होते. त्यांनी ठरवलं की या वेळी नाताळच्या आधीच बंद करायचा आणि नाताळ झाला तरी उघडायचा नाही. प्रयोग म्हणून. 17 नोव्हेंबर 1962.

विरोध कुणाचा होता? दुकानदारांचा. आणि त्यांचे मुद्दे ऐकण्यासारखे आहेत, कारण ते मूर्खपणाचे नव्हते. पहिला मुद्दा : आमचं गिऱ्हाईक गाडीतून येतं, गाडी थांबली नाही तर ते दुसरीकडे जाईल. दुसरा मुद्दा मला फार आवडतो. ते म्हणाले, आम्ही काही इटलीतले लोक नाही. रस्त्यावर रेंगाळणं, उघड्यावर कॉफी पीत बसणं, हे उन्हाच्या देशात ठीक आहे. इथे थंडी, वारा, पाऊस. आमच्या लोकांच्या स्वभावातच ते नाही.

म्हणजे एक मुद्दा धंद्याचा आणि एक संस्कृतीचा. धंद्याचा मुद्दा मोजता येतो. संस्कृतीचा मुद्दा मोजता येत नाही, म्हणून तो जास्त जोरात मांडला जातो. वासार्डना धमक्या आल्या. उद्घाटनाच्या दिवशी पोलिसांचा बंदोबस्त ठेवावा लागला.

आणि मग काय झालं? माणसं आली. पहिल्या हिवाळ्यातच आली. दुकानांचा गल्ला घटला नाही, वाढला. फेब्रुवारी 1964 मध्ये प्रयोग संपवून निर्णय कायम करण्यात आला.

इथे एक खुलासा करायला हवा. असं करणारं कोपनहेगन पहिलं नव्हे. जर्मनीत कासेलमध्ये आणि हॉलंडमध्ये रॉटरडॅमला 1953 मध्येच फक्त पायी चालण्याचे बाजाररस्ते झाले होते. पण ते रस्ते युद्धात उद्ध्वस्त झालेल्या भागात कोऱ्या पाटीवर आखलेले होते. कोपनहेगनचं वेगळेपण असं की त्यांनी जुना, चालू, दुकानांनी गच्च भरलेला मुख्य रस्ता घेतला आणि एकही भिंत न पाडता तो बदलला.

मोजणारा माणूस

वासार्ड यांनी रस्ता बंद केला. पण ती गोष्ट जगाला कळली ती दुसऱ्याच माणसामुळे. यान गेल हे नाव तुमच्यापैकी वास्तुरचनेच्या विद्यार्थ्यांना माहीत असेल. जन्म 1936 चा. तो वास्तुरचना शिकून बाहेर पडला. त्याची पत्नी इंग्रिड मानसशास्त्राची. तिचे सहकारी त्याला विचारायचे, तुम्ही वास्तुरचनाकार मंडळी माणसांचा विचार का करत नाही? दोघं 1965 मध्ये इटलीला गेली, चौकांमध्ये बसून लोक काय करतात ते टिपलं. परत आल्यावर गेल स्ट्रॉयेटवर येऊन बसू लागला. आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी, वही-पेन्सिल घेऊन. किती लोक गेले, किती थांबले, किती बसले, कुठे बसले, कशाकडे पाठ करून बसले.

ऐकायला हास्यास्पद वाटतं. पण त्यातून काय निघालं बघा. रस्त्याच्या रुंदीच्या दर मीटरमागे मिनिटाला साधारण तेरा माणसं जात असतील तोवर चालणं सुखाचं असतं. त्याहून जास्त झाली की लोक आपोआप दोन रांगा करतात, उजवीकडून जाणारी आणि येणारी, आणि मग ते हिंडणं राहत नाही, नुसतं पुढे सरकणं होतं. उन्हाळ्यात लोक हिवाळ्यापेक्षा सावकाश चालतात, म्हणून तेवढीच माणसं असली तरी रस्ता जास्त भरलेला वाटतो. बाकाचं तोंड माणसांकडे असेल तर बाक भरतो, झाडांकडे असेल तर रिकामा राहतो. या निरीक्षणांवर त्याने 1971 मध्ये पुस्तक लिहिलं, घरांच्या मधल्या जागेतल्या जगण्याविषयी. त्याची पुढे अनेक भाषांत भाषांतरं झाली.

मला यात जे महत्त्वाचं वाटतं ते असं. आपल्या शहरांना मोटारींची मोजदाद करायची सवय आहे. कुठल्या चौकातून तासाला किती वाहनं गेली याचे आकडे खात्याकडे असतात. किती माणसं उभी राहून गप्पा मारत होती, याचा आकडा नसतो. जे मोजलं जात नाही ते बैठकीत मांडता येत नाही, आणि जे मांडता येत नाही त्याच्यासाठी पैसे मंजूर होत नाहीत. गेलच्या वहीने पायी चालणाऱ्याला बैठकीत खुर्ची दिली.

आणि मग शहर घाई न करता पुढे गेलं. 1968 मध्ये फियोलस्ट्रेड हा रस्ता, 1973 मध्ये तो कारंज्याचा जुना चौक, 1980 मध्ये न्यूहाव्हनचा धक्का, आज ज्याचं चित्र प्रत्येक कॅलेंडरवर असतं तो. त्याआधी तिथे गाड्या उभ्या असायच्या. 1962 मध्ये शहराच्या मध्यभागी पायी चालणाऱ्यांसाठी राखलेली जागा होती 15,800 चौरस मीटर. 1996 मध्ये ती सुमारे 96,000 चौरस मीटर झाली, म्हणजे सहापट. यात चौतीस वर्षं गेली. मधल्या काळात वाहनतळाच्या जागा दरवर्षी थोड्या थोड्या कमी केल्या, कुणाला एकदम जाणवणार नाही इतक्या बेताने. 1973 च्या तेलसंकटात डेन्मार्कने रविवारी मोटारी बंद ठेवल्या, त्याचाही लोकांच्या मनावर परिणाम झाला. आणि ज्यांच्या स्वभावात ते नव्हतं, ते डॅनिश लोक आज मार्च महिन्यात, अंगावर घोंगडी घेऊन, उघड्यावर कॉफी पीत बसतात. उपाहारगृहवालेच घोंगड्या देतात.

दुसरी बाजू

आता ही कीर्तनातली गोष्ट व्हायला नको, म्हणून दुसरी बाजू सांगतो.

आज स्ट्रॉयेटवर हिंडताना पहिल्या दहा मिनिटांत जे दिसतं ते कुठल्याही शहरात दिसतं. त्याच कपड्यांच्या साखळ्या, तेच बर्गर, आणि चुंबकावर चिकटवलेली जलपरी. माणसं वाढली तशी जागेची भाडी वाढली. भाडी वाढली तशी जुनी, छोटी, एकाच मालाची दुकानं बाजूच्या गल्ल्यांमध्ये सरकली किंवा बंद झाली. ज्या दुकानदारांना 1962 मध्ये वाटलं होतं की गिऱ्हाईक येणार नाही, त्यांच्यापैकी कित्येकांच्या वारसांना गिऱ्हाईक फार आल्यामुळे जावं लागलं. भीती खोटी ठरली, पण भिणारे सगळेच वाचले असं नाही. कोपनहेगनचे कितीतरी रहिवासी आज म्हणतात, आम्ही तिकडे फिरकत नाही, तो प्रवाशांचा रस्ता आहे.

शिवाय सायकलींचं शहर म्हणून आपण जातो, आणि स्ट्रॉयेटवर सायकल चालवायला बंदी असते. उतरून हातात धरून न्यावी लागते. मालाच्या गाड्यांना सकाळच्या ठरलेल्या वेळातच प्रवेश. म्हणजे 'पादचारी रस्ता' ही काही मोकळीक नाही. तो नियमांचा एक बारीक विणलेला पट आहे, आणि त्यात कुणाचा धागा ओढायचा, कुणाचा सोडायचा हे रोज ठरवावं लागतं.

आणि आपण

आता घरी येऊ. 11 डिसेंबर 2021 रोजी पुणे महानगरपालिकेने लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा केला. तुमच्यापैकी काही जण गेले असतील. तोही शनिवारच होता, योगायोग. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्लीत चांदनी चौकाचा लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा पट्टा नव्या रूपात चालणाऱ्यांसाठी खुला झाला होता.

मी त्यानंतर लक्ष्मी रस्त्यावरच्या एका ओळखीच्या दुकानदाराशी बोललो. तीन पिढ्यांचं दुकान. ते म्हणाले, "सर, एक दिवस ठीक आहे. पण रोज बंद केलात तर साड्यांच्या बस्त्याला येणारं कुटुंब गाडी कुठे लावेल? आणि खरं सांगू, आपल्या लोकांना चालायला आवडत नाही. दारापर्यंत गाडी हवी."

मी मनात म्हटलं, काका, हे वाक्य मी वाचलेलं आहे. 1962 चं आहे, डॅनिश भाषेतलं.

पण मी त्यांना हसलो नाही, आणि तुम्हीही हसू नका. त्यांच्या दोन वाक्यांतलं पहिलं वाक्य धंद्याचं आहे. त्याला उत्तर द्यावंच लागतं. बस कुठून येणार, मेट्रोतून उतरलेली आजी तिथपर्यंत कशी पोचणार, माल कोणत्या वेळी उतरणार, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला रात्री दवाखान्यात न्यायचं झालं तर काय, आणि ज्या फेरीवाल्यांमुळे त्या रस्त्याला रस्त्यासारखं वाटतं त्यांची जागा कोणती. कोपनहेगनला यातली काही उत्तरं द्यायला चौतीस वर्षं लागली, आणि भाड्यांच्या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालेलं नाही. आपण नुसता फलक लावून रस्ता बंद केला, तर त्यात मरेल तो छोटा दुकानदारच.

दुसरं वाक्य मात्र संस्कृतीचं आहे. 'आपल्या लोकांना चालायला आवडत नाही.' याला मी इतिहासाचा विद्यार्थी म्हणून उत्तर देऊ शकतो. ज्या रस्त्यावर उभं राहून ते हे बोलत होते, त्याच रस्त्यावरून दरवर्षी अनंत चतुर्दशीला मानाचे गणपती जातात. त्या दिवशी लाखो माणसं, म्हातारी-कोतारी, खांद्यावर पोरं घेतलेली, सकाळपासून दुसऱ्या दिवसापर्यंत त्या रस्त्यावर पायी असतात. कुणी म्हणत नाही की पाय दुखले. ज्या प्रांतात आळंदीहून पंढरपूरपर्यंत चालत जाण्याला भाग्य समजतात, त्या प्रांताला चालायला आवडत नाही असं कसं म्हणायचं? आपल्याला चालायला आवडतं. आपल्याला जीव मुठीत धरून चालायला आवडत नाही.

किर्केगार्डची आठवण ठेवा म्हणालो होतो. त्याच्याकडून त्याचा रस्ता पोरांच्या हसण्याने गेला. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांकडून तो दुचाकींच्या कर्कश भोंग्यांनी गेला. माझी आई सत्तरीपर्यंत तुळशीबागेत एकटी पायी जायची. नंतर तिने जाणं सोडलं. गुडघ्यामुळे सोडलं असं ती सांगायची. पण घरात तर ती दिवसभर फिरत असे. रस्ता ओलांडायची भीती वाटते हे मान्य करायचं तिला जड जात होतं, एवढंच. अशी माणसं कुठल्या वहीत मोजली जात नाहीत, कारण ती रस्त्यावर आलेलीच नसतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. स्ट्रॉयेट बघायला जरूर जा. पण परत येताना तिथली फरसबंदी आणि कारंजे डोक्यात घेऊन येऊ नका. ती त्यांची आहेत, त्यांच्या आगींतून आणि तोफांतून आलेली. आणायची असेल तर ती वही आणा. एक रस्ता घ्या, थोडा काळ बंद ठेवा, दुकानदाराच्या गल्ल्यासकट सगळं मोजा, आकडे लोकांसमोर ठेवा, आणि मग ठरवा. चुकलं तर रस्ता पुन्हा उघडता येतो. त्यात काही पाडावं लागत नाही.

1962 च्या त्या शनिवारी संध्याकाळी कोपनहेगनमध्ये कुणालाही माहीत नव्हतं की आपण एक 'ऐतिहासिक रस्ता' पाहतो आहोत. त्यांना दिसत होता तो एक चिडलेला बाजार, थोडे पोलीस आणि रस्त्याच्या मधोमध, पदपथ सोडून, जरा बिचकत चालणारी माणसं.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. आणि लक्ष्मी रस्त्यावरचे कुणी व्यापारी सभागृहात असतील, तर पहिला प्रश्न त्यांचा घेऊ.